पुन्हा दुसरं कडवं

मी नगरला नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. माझं काम नापास करण्याचं. दिवसभर समोर लहान लहान लोखंडी भाग येतात, मी त्यांना गेज लावते आणि ज्याचं भोक केसभर मोठं झालंय त्याला लाल ट्रेमध्ये टाकते. या कामामुळं माझा स्वभाव असा झाला, असं माझा नवरा म्हणतो. भाजीत मीठ कमी पडलं असेल तर मी पहिल्या घासाला सांगते, पाहुण्यांच्या घरीसुद्धा. नवऱ्याला त्याचा संकोच वाटतो. पण त्याच्या चष्म्याचा नंबर बदललाय हे त्याच्याआधी मला कळलं होतं, त्यामुळं तो फार बोलू शकत नाही.

नगरजवळ केडगावला आमच्या घरात माझा हा दरारा. माहेरी मात्र माझं काही चालत नाही. तिथं अख्खं गाव नापास माल पास करणाऱ्यांचं आहे.

माहेर म्हणजे तिसगावहून आत फाट्यानं गेलं की लागणारं लहान खेडं. तिथं आमचं चर्च आहे, दगडी भिंतींचं आणि पत्र्याच्या छपराचं. पणजोबांच्या काळात मंडळीत वाचता येणारी माणसं दोन-तीनच. म्हणून एक पद्धत पडली. एकानं पुढं उभं राहून गीताची ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची. पुढच्याला म्हणायचं ‘सांगणारा’. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये गीतांचं अख्खं पुस्तक आहे, तरी तिकडं कोणी ढुंकून बघत नाही. सगळे सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघतात. तो काढील ते गीत, तो म्हणेल ते कडवं. मध्येच टोकायचं नाही, थांबायचं नाही, भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, मोडायची नाही. ही शिस्त आमच्याकडं पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा कडक पाळली जाते.

तर माझे बाबा हे सांगणारे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला तरी यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं की भागतं, असं डेपोत म्हणायचे. ड्यूटी नसलेल्या प्रत्येक रविवारी आणि निवृत्तीनंतर झाडून सगळ्या रविवारी त्यांनी मंडळीला गीतं सांगितली. पुस्तक कधी हातात धरलं नाही. पुस्तकात बघून गाणारा म्हणजे पाटीवरचं नाव वाचत गाडी हाकणारा, असं त्यांचं म्हणणं. रस्ता पाठ पाहिजे.

आणि हाच रस्ता हळूहळू पुसट व्हायला लागला होता, हे मला कळलं ते बाजरीच्या खुडणीच्या दिवसांत. मी सुट्टी बघून माहेरी गेले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत होतो, आणि बाबांनी खणखणीत आवाजात नाताळचं गीत काढलं. थंडीची रात्र, गोठा, तान्हं बाळ. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. मृदंगवाल्या मामांनी ठेका धरला, मंडळीनं गीत उचललं, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात आम्ही साऱ्यांनी येशूचा जन्म साजरा केला. बाहेर पडताना एक आत्या पदरानं गळा पुसत म्हणाल्या, “लई ग्वाड झालं आज.”

मी बाबांना विचारलं, “आज नाताळ कसा काय?” तर म्हणाले, “तयारी आदीपास्नं केलेली बरी.” आणि मिस्कील हसले. मीही हसले. बाबांचं हे जुनं होतं, एखादी गोष्ट अंगाशी आली की विनोदानं वेळ मारून न्यायची.

पण त्याच दुपारी जेवताना त्यांनी मला विचारलं, “बसनं आलीस का गाडीवर?” मी म्हणाले, “गाडीवर.” भाकरी अर्धी झाली तेव्हा पुन्हा विचारलं. ताक वाढलं तेव्हा पुन्हा. प्रत्येक वेळी माझ्याआधी आईनंच उत्तर दिलं, तेही इतक्या सहज, की जणू पहिल्यांदाच विचारलंय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई फार चपळ झालीय. बाबांना काही विचारलं की उत्तर आईकडून येतं. काल कुठं गेला होता, बाबा? “तिसगावला, बाजारला.” काय आणलं? “मेथी अन् वांगी.” बाबा नुसते मान डोलवायचे, एखाद्या साहेबासारखे.

तिसगावच्या बाजारचंही एक निघालं. शेजारणीनं बोलता बोलता सांगितलं की बाबा स्कूटर घेऊन बाजारला गेले आणि दिवस मावळताना पाथर्डीकडून परत आले, पिशवी रिकामी. घरी सांगितलं, जुना दोस्त भेटला. ज्या माणसानं या रस्त्यावर आयुष्यभर गाडी चालवली, ज्याला प्रत्येक वळणावरचं बाभळीचं झाड माहीत, तो तिसगाव सोडून पुढं निघून जातो, आणि त्याला कोणी दोस्त भेटतो.

त्या रात्री मी केडगावला परत येऊन मोबाईलवर शोधत बसले. ही चूक कोणी करू नये. तासाभरात बाबांना काय झालंय ते कळलं नाहीच, उलट मला स्वतःलाच दोन आजार झाले. नवऱ्यानं मोबाईल काढून घेतला आणि म्हणाला, “तू कारखान्यात गेज न लावता माल नापास करतेस का? मग बाबांना डॉक्टरला दाखव आणि मग बोल.” त्याचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला.

फोनवर मी आईला म्हणाले, बाबांना नगरला घेऊन ये. आई म्हणाली, ज्वारी पेरायचीय. मग म्हणाली, नाताळ होऊ दे. मग म्हणाली, त्यांना काय धाड भरलीय, तुझ्याच डोक्यात खूळ शिरलंय. बाबांशी बोलू म्हटलं तर म्हणायची झोपलेत. दुपारी झोपलेत, संध्याकाळी झोपलेत. एवढी झोप त्यांना ड्रायव्हर असतानाही कधी मिळाली नव्हती.

अशानं हिवाळा निघून गेला. मग आईची दाढ दुखायला लागली.

दाढ अशी दुखायला लागली की तिला नगरला यावंच लागलं. शनिवारी सकाळी मी तिला दातांच्या दवाखान्यात नेलं. दाढ काढली, गालात कापसाचा बोळा बसवला, गाल पेरूएवढा सुजला. मी म्हणाले, आता दोन दिवस केडगावलाच राहा. तिनं हातवारे करून सांगितलं, उद्या रविवार. मी म्हणाले, एक रविवार चुकला तर देव रागावणार नाही. ती डोळे वटारून उठली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. मी कपाळावर हात मारला आणि तिला गाडीवर मागं बसवून गावी नेलं. अख्ख्या वाटेत मी बडबडत होते. तिला उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळं बऱ्याच वर्षांनी माझं सगळं बोलणं पुरतं झालं.

रविवारी आई तोंडावर पदर धरून भक्तीला आली. बायकांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत, बाबांच्या अगदी समोर तिची ठरलेली जागा. तिथं दुसरी कोणी बसत नाही. मी तिच्या शेजारी बसले. बाबांनी एक मोठं गीत काढलं, मेंढपाळाचं, भरपूर कडव्यांचं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आणि मग बाबांनी आईकडं बघितलं.

आईच्या तोंडावर पदर.

बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी पुन्हा दुसरं कडवं घेतलं. मंडळीनं उचललं. ते संपलं, बाबांनी पुन्हा आईकडं बघितलं, आणि पुन्हा दुसरं कडवं. मंडळीनं तेही उचललं, तितक्याच भक्तिभावानं. चौथ्यांदा दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा आईनं पदर बाजूला केला आणि सुजल्या गालानं, तोंडात बोळा असताना, ओठ हलवायला लागली. आवाज न काढता. मी तिच्याकडं बघतच राहिले. ती तिसऱ्या कडव्याचे शब्द ओठांनी सांगत होती. पण तिचे ओठ एका बाजूला वळतच नव्हते. बाबा पुढं वाकून डोळे बारीक करून बघत होते, कपाळावर घाम, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती होती जी मी यापूर्वी कधीच बघितली नव्हती. घाटात ब्रेक लागत नसताना गाडी बांधावर चढवून थांबवणारा माणूस हा. तेव्हाचा किस्सा हसत हसत सांगायचा.

शेवटी मृदंगवाल्या मामांनी मोठी थाप मारून गीत संपवलं आणि पाळकसाहेबांनी घाईघाईनं प्रार्थना सुरू केली.

बाहेर आल्यावर त्याच आत्या म्हणाल्या, “आज दुसऱ्या कडव्याचा अर्थ लई नीट समजला.” त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्या मनापासून म्हणत होत्या. मी तडक मामांना गाठलं. मामा म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांनी मला खांद्यावर खेळवलेलं आहे, तरी मी आवाज चढवला.

“मामा, तुम्हाला कळत नव्हतं का ते चुकतायत?”

“कळत हुतं की.”

“कधीपासून?”

मामा मृदंगावर खोळ चढवत होते. “झालं असंल वरीस-दीड वरीस.”

“आणि कोणी काही बोललं नाही?”

“सांगनाऱ्याला कोन सांगनार, पोरी?” मामा म्हणाले. “त्यो फुडं निगाला की आमी मागं. त्यो यकटा चुकला तर त्याची लाज. समदेच चुकलो तर कुनाचीच न्हाई.”

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. एवढी माया, आणि तिचा उपयोग असा, की बाबांना स्वतःची चूक दिसूच नये. एकाही माणसानं त्यांना फसवलं नव्हतं, सगळ्यांनी सांभाळलं होतं. त्या सांभाळण्यात वर्ष गेलं.

घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात धरलं. बोळा आता काढलेला होता. मी दार लोटलं आणि विचारलं, “कधीपासून सांगतेस त्यांना ओठांनी?”

आईनं आधी पिठाचा डबा उघडला, मग झाकला. “गेल्याच्या गेल्या नाताळपास्नं,” ती म्हणाली. “त्ये यक वळ म्हनत्यात तवर मी फुडची व्हटांवर धरून ठिवते. आता सवं झालीय. कुनाला काय समजत न्हाई.”

“सगळ्या गावाला समजलंय, आई.”

“समजू दे की. बोलत तर न्हाई कुनी.”

“डॉक्टरला दाखवायचं.”

“मेंदूच्या डाक्टरला? म्हंजी येडा झाला म्हनून गावभर व्हईल. फुडं कोन हुभं करंल त्यान्ला? गीतं सांगायची बंद झाली तर त्यो मानूस जगंल का?” आईचा आवाज चिरकला. “हाय तसं चालू दे. मी हाय तवर मी सांगते.”

मी म्हणणार होते की तू किती दिवस पुरणार आहेस. पण दार उघडलं आणि बाबा आत आले. ते बाहेर ओट्यावर बसून बूट काढत होते. एक बूट अजून पायातच होता.

“हिची दाढ काल काढली ना?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“मंग आज ही भक्तीला कशाला आली?”

आईनं पदर पुन्हा गालावर ओढला.

“माज्यापायी आली,” बाबा म्हणाले. “तोंड एवढं सुजलंय, पानी पिता येत न्हाई, अन् माज्यापायी तितं बसून व्हट हालवती. मला ठाऊक हाय समदं. मीच म्हनायचो, जाऊ दे, चाललंय.” ते पाटावर बसले. “गाडी पासिंगला चालू असतानाच न्यायची असती. बंद पडल्यावर वढून न्यावं लागतं, मंग कुनी पास करत न्हाई. कवा जायचं सांग.”

मी इतके महिने आईच्या दारावर धडका मारत होते आणि किल्ली बाबांच्या खिशात होती. मी हात टेकले आणि पोटभर रडून घेतलं. मग आम्ही तिघांनी गरम भात आणि आमटी खाल्ली, कारण आईला दुसरं काही चावता येत नव्हतं.

नगरला मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंकडं गेलो तेव्हा बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि आईनं लग्नाला जावं तशी साडी. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी सुरुवातीलाच आईला सांगितलं, “प्रश्न यांना विचारणार आहे, उत्तर यांनीच द्यायचं.” आईनं होकार दिला आणि पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मग तिला माझ्या शेजारी मागच्या खुर्चीवर बसवलं. तरी ती ओठ हलवत होती. डॉक्टरबाईंनी बाबांची खुर्चीच फिरवून घेतली.

वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या गावात आहोत. काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. त्यातला एकच आठवला. मग कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल छान काढला, एका दमात. पण आकडे घालायला लागले तेव्हा सगळे एका बाजूला दाटीवाटीनं बसले, आणि दुसरी बाजू मोकळीच राहिली. बाबांनी कागद लांब धरून बघितला.

“आमच्या डेपोत असलंच घड्याळ हुतं,” ते म्हणाले. “म्हनून तर गाड्या लेट व्हायच्या.”

डॉक्टरबाई मनापासून हसल्या. मला मात्र तो कागद बघवेना. वेळापत्रकावर आयुष्य काढलेला माणूस.

“हे असं सगळ्यांकडून होतं,” डॉक्टरबाई नंतर मला म्हणाल्या. “हजरजबाबी माणसाचं विसरणं घरच्यांना उशिरा दिसतं. तो हसवतो, आपण हसतो, आणि प्रश्नाचं उत्तर राहूनच जातं.”

मग त्यांनी जे विचारायला सुरुवात केली त्याचा मेंदूशी काय संबंध, हे मला कळेना. झोप कशी आहे, ऐकू कसं येतं, मन उदास असतं का, रोज कोणकोणत्या गोळ्या घेता. आईनं पिशवीतून गोळ्या काढून टेबलावर मांडल्या. शुगरची, बीपीची, आणि एक पिवळी.

“ही कशाची?”

“सर्दीची,” आई म्हणाली. “मेडिकलवाल्यानं दिल्ती. सर्दी गेली, पर झोप बरी लागती म्हनून चालू ठिवली.”

“किती दिवस?”

“झाले की लई दिवस.”

डॉक्टरबाईंनी ती गोळी उचलून बाजूला ठेवली, अगदी मी लाल ट्रेमध्ये टाकते तशी. त्या म्हणाल्या, या जातीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांनी रोज घेतल्या तर डोकं सुस्त होतं, गोंधळ वाढतो. शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी पडू शकतं, त्यानंही विसरायला होतं. थायरॉईड बघायचं. कान तपासायचे, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून. आणि मेंदूचा फोटो काढायचा.

सगळं झालं. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. डावा कान, म्हणजे जन्मभर इंजिनाच्या बाजूला असलेला, बराच गेलेला. मेंदूच्या फोटोत वयाची झीज होती आणि थोडी जास्त. पुढच्या भेटीत मी डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, मला गोल गोल बोलणं सहन होत नाही.

“हा तो विसरण्याचा मोठा आजार आहे का?”

“आज तसं म्हणता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “वयापेक्षा विसरणं जास्त आहे, हे खरं. पुढं वाढेल का, हे बघत राहावं लागेल. पण जे दुरुस्त होण्यासारखं सापडलंय ते आधी दुरुस्त करू. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर स्कूटर गावाबाहेर न्यायची नाही.”

“आन् गीतं?” बाबांनी विचारलं. आईनं माझा हात घट्ट धरला.

“गीतं बंद करायची नाहीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उलट रोज गायची. चार माणसांत उठायचं, बसायचं, सकाळी चालायला जायचं. पण आजी, तुम्ही मदत अशी करायची की त्यांना कळेल त्यांचं कुठं अडलं. झाकायचं नाही.”

आईच्या जिवात जीव आला. डॉक्टरांच्या तोंडून ‘येडा’ हा शब्द एकदाही आला नव्हता, हे तिनं घरी जाताना मला दोनदा सांगितलं.

इंजेक्शनं सुरू झाली, पिवळी गोळी थांबली. पहिले काही दिवस बाबांना झोप येईना, ते रात्री उठून आईला गीतं म्हणून दाखवायचे आणि आई वैतागायची. कानाला मशीन बसलं. ते लावून घरी आल्याबरोबर बाबांनी विचारलं, “ह्यो पंखा असा वरडतो कवापास्नं?” पावसाळा संपेपर्यंत फरक दिसायला लागला. दुपारची झोप गेली. जेवताना प्रश्न एकदाच यायचा, कधी दोनदा. ते पुन्हा माझ्याशी भांडायला लागले, आणि भांडणातले जुने मुद्दे बरोबर आठवून काढायला लागले. माझ्यासारखी सुखी मुलगी त्या दिवसांत नगर जिल्ह्यात दुसरी नसेल. पण सगळं परत आलं नाही. गोड बोलून मी हे झाकणार नाही. मोठ्या गीतात ते अजूनही हरवत होते, आणि सवयीनं आईकडं बघत होते.

तेव्हा बाबांनी एका रविवारी जे केलं ते मला सुचलं नसतं. गीत काढायच्या आधी ते पुढं उभे राहिले आणि म्हणाले, “सलाम, मंडळी. मी डोकं तपासून आनलंय. बिघाड हाय, पर गाडी भंगारात न्हाई घातली अजून. आता तुमाला यक काम हाय. आत्तापत्तर मी चुकलो की तुमी बी चुकत हुता. ही माया हाय, मला समजतंय. पर मला माजं चुकलेलं दिसंना झालं. आजपास्नं मी चुकलो तर गप ऱ्हायचं. मागं यायचं न्हाई. मी थांबंन, मंग तुमी सांगायचं.”

मग मामा म्हणाले, “बरं,” आणि मृदंगाला शाई लावल्यासारखं उगीच त्याच्यावर हात फिरवत बसले.

त्या दिवशी भक्तीनंतर मामांनी मला कडुनिंबाखाली बाजूला घेतलं. त्यांची बायको किल्ल्या विसरते, नावं विसरते. तिलाही न्यावं का? इकडं तिकडं बघून आणखी दोघंजण जवळ सरकले. मी डॉक्टरबाईंकडून ऐकलेलं सांगितलं. किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही, नाव जिभेवर अडकलं आणि संध्याकाळी आठवलं, तर ते वय आहे, माझंही होतं. पण तेच तेच विचारणं, पायाखालचा रस्ता चुकणं, जन्मभर केलेलं काम मध्येच अडणं, स्वभाव बदलणं, आणि हे महिन्यामहिन्यानं वाढणं, तर दाखवायचं. आणि एकाएकी गोंधळला, बोलताना जीभ वळेना, तोंड वाकडं झालं, तर रविवार उजाडायची वाट बघायची नाही, त्याच घटकेला दवाखाना. मामा म्हणाले, “ती कालवन तर बरं करती. पर माज्यावर चिडती लई.” मी म्हणाले, हे तर ती माझ्या लहानपणापासून करते. मामा खुशीत घरी गेले.

पुढचे काही रविवार सगळं नीट पार पडलं. बाबा लहान गीतं काढायचे आणि मंडळी जपून उचलायची. मग एका रविवारी त्यांनी तेच मेंढपाळाचं मोठं गीत काढलं. मी आईच्या शेजारी होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि बाबांनी पुन्हा दुसरं कडवं घेतलं.

कोणी उचललं नाही.

मृदंग थांबला. बाबांचा एकट्याचा आवाज पत्र्याला लागून खाली आला. दोन-तीन पिढ्यांत या चर्चमध्ये सांगणाऱ्याच्या मागं कोणी गेलं नाही असं झालं नव्हतं. पन्नास-साठ माणसं ओठ घट्ट मिटून बसली होती, आत्यांनी तर तोंडावर हात धरला होता, आणि त्या गप्प बसण्याचा त्यांना किती त्रास होतोय ते दिसत होतं. मी आईकडं बघितलं. तिनं नजर खाली केली होती आणि मांडीवर मुठी आवळल्या होत्या.

बाबा थांबले. डोळे मिटून उभे राहिले. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाले, “कोनतं?”

“तिसरं,” सगळी मंडळी एकदम म्हणाली, आणि मामांनी तिसऱ्याची पहिली ओळ मोठ्यानं सांगितली. बाबा हसले, त्यांनी ती ओळ उचलली, आणि पुढची कडवी आपोआप येत गेली. मंडळी इतक्या जोरात गात होती की खिडकीतली चिमणी उडाली.

त्या गलक्यात मला माझ्या कानाशी एक आवाज ऐकू आला. जाड, चिरका, मंडळीच्या सुरापेक्षा पाव पट्टी खाली. मी मान वळवली तर आई गात होती. डोळे मिटून, मान हलवत, अगदी रंगून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढची ओळ ओठांवर धरून ठेवणाऱ्या माणसाला चालू ओळ गाता येत नाही. दोन नाताळ आणि त्यांच्यामधले सगळे रविवार माझी आई चर्चमध्ये येत होती आणि एक शब्दही गात नव्हती, आणि तिच्या शेजारी बसून मी, जिला भोक केसभर मोठं झालेलं दिसतं, मला तिचा आवाज नाही हे कळलं नव्हतं.

बाबांनीही ऐकलं असावं, मशीन होतंच कानात. ओळ सांगता सांगता त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि पुढची ओळ त्यांनी जरा खालच्या पट्टीत घेतली, तिला जमेल अशी.